गन बदलण्याआधी हवा बघा

प्रश्न असा आहे: देवळी तालुक्यातल्या एका गावात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. मालकाने एक एचपीचा कॉम्प्रेसर आणि वर कप असलेली, १.४ मिलिमीटर नोझलची रंग फवारायची गन घेतली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, डवरे, वखर, जे येईल ते तो रंगवतो. सुरुवातीचे चार-सहा पट्टे झकास येतात, मग गन थुंकायला लागते. इनॅमलला चकाकी येत नाही, पत्रा संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार दिसतो, आणि श्रावणात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवले की लॅकर पांढरं पडतं. रंगाचा दुकानदार म्हणतो, महागातली गन घ्या. घ्यावी का?

भाऊ, आत्ता नका घेऊ. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. गन खराब असती तर पहिल्या पट्ट्यापासून खराब मारली असती. चार-सहा पट्टे चांगले येऊन मग बिघडतं, म्हणजे टाकीत साठलेली हवा संपेपर्यंत गन नीट चालते आणि ती संपली की उपाशी पडते. मी हिंगणघाटच्या बाजूला ट्रॉल्या आणि अवजारं रंगवतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला पहिल्या दिवशी गन हातात देत नाही, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करायला लावतो. आधी हवा, मग रंग, शेवटी गन. लोक हे उलटं करतात आणि पैसे घालवतात.

हवेचा हिशेब सोपा आहे. एक एचपीचा, बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर खरी हवा देतो मिनिटाला ३ ते ४ घनफूट. पाटीवर आकडा जास्त असतो, कारण तिथे पिस्टन किती जागा व्यापतो ते छापलेलं असतं. प्रत्यक्षात गनपर्यंत त्याच्या ६०-७० टक्केच हवा पोचते. आणि तुमची १.४ ची साधी गन खाते ७ ते १० घनफूट. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबावर जास्त हवा सोडणारी गन, असेल तर १० ते १४. म्हणजे कमाईच्या दुप्पट-तिप्पट खर्च. दुकानदाराने दाखवलेली महागाची गन बहुतेक एचव्हीएलपीच असणार. ती घेतली तर तुमचा त्रास वाढेल, कमी होणार नाही.

त्यात आपल्याकडची वीज. उन्हाळ्यात गावात व्होल्टेज पडतं, मोटर कण्हत चालते, फेरे कमी होतात आणि हवा आणखी घटते. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, हेड तापतं आणि तापलेली हवा टाकीत जाते. गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते. ती हवा नळीत थंड झाली की पाणी सुटतं आणि सरळ तुमच्या रंगात येतं. थुंकण्यातला अर्धा भाग कमी दाबाचा आणि अर्धा या पाण्याचा असतो.

ओळखायचं कसं? गनमधला रंग काढून टाका, हवा पूर्ण सोडा आणि घरातला आरसा वीतभर अंतरावर धरून मिनिटभर त्यावर मारा. आरशावर धुकं आलं तर पाणी आहे. बोट फिरवल्यावर तेलकट लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात किंवा तेल जास्त भरलंय. त्या तेलानेच रंगात गोल गोल डोळे पडतात. पेंटर लोक त्याला फिशआय म्हणतात आणि दोष रंगाला देतात.

पाण्यावर उपाय महाग नाही. टाकीच्या बुडाला जो कॉक आहे तो रोज काम संपल्यावर उघडा, पावसाळ्यात दुपारीसुद्धा. निघणारं पाणी गंजाने लाल झालेलं असेल तर टाकी आतून खायला लागली आहे. अशी टाकी पातळ होत जाते आणि दाबाखाली फुटू शकते, म्हणून ती वेल्डिंग करून वापरू नका आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघत जा. पाणी गाळणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावलेला असेल तर काढा. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेतच असतं, फिल्टर काहीच पकडत नाही. तुमच्याकडे जीआय पाइपचे तुकडे पडलेलेच असतील. पंचवीस फूट पाइप भिंतीवरून फिरवा, कॉम्प्रेसरकडे किंचित उतार द्या, गनची नळी जिथे जोडायची तिथला फाटा पाइपच्या वरच्या अंगाने घ्या आणि फिल्टर त्या टोकाला बसवा. लोखंडी पाइप हवा थंड करतो, पाणी उलटं वाहून खाली जमा होतं. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो.

नळीचंही तसंच. फवारणी पंपाची उरलेली बारीक नळी लावलेली असते अनेकांनी. आतून ८ मिलिमीटरची तरी हवी, आणि गरजेपेक्षा लांब नको. बारीक लांब नळीत दाब वाटेतच जातो. दाब बघायचा तो ट्रिगर दाबून, गनच्या मुठीपाशी छोटा गेज लावून. ट्रिगर सोडलेला असताना घड्याळात ६० दिसतात आणि दाबला की २५ वर येतात, मग पेंटर म्हणतो मी ६० वर मारतो. साध्या गनला ट्रिगर दाबलेला असताना ४० ते ४५ पीएसआय (दाबाचं माप), एचव्हीएलपीला २८-३० पुरे.

आता रंग. किती थिनर टाकायचं हे डब्याच्या झाकणाने मोजू नका. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवलेला रंग आधीच पातळ झालेला असतो, आणि जानेवारीच्या सकाळी तोच रंग मधाळ असतो. सारखंच थिनर टाकलं तर उन्हाळ्यात ओघळ, हिवाळ्यात दाणे. फोर्ड कप नंबर ४ घ्या, म्हणजे रंग किती घट्ट ते मोजायचा, बुडाला भोक असलेला कप. स्वस्त वस्तू आहे. कप भरून खालच्या भोकावरचं बोट काढा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा. सिंथेटिक इनॅमलला २० ते २५, पीयूला (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) १८ ते २० सेकंद मला बरे वाटतात. पण डब्यावर कंपनीने आकडा दिला असेल तर तो खरा. रंग दर वेळी कागदी गाळणीतून गाळून कपात भरा, नवा डबा फोडला असला तरी.

इनॅमलमध्ये एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, थिनर टाकायची सवय आपल्या भागात जोरात आहे. लवकर सुकतं म्हणून टाकतात. चकाकी मरते ती त्यामुळेच, आणि खाली जुना इनॅमल असेल तर तो सुरकुत्या पडून वर उचलतो. इनॅमलला टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ. पीयूला पीयूचंच, एपॉक्सीला एपॉक्सीचंच. पेट्रोल तर चुकूनही नको. तुमच्या दुकानात वेल्डिंग आणि ग्राइंडर आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि ठिणगी दूर असली तरी तिथपर्यंत पोचते. रंग मारायच्या दिवशी त्या शेडमध्ये वेल्डिंग बंद, शेजारच्या खोलीतलंसुद्धा. आणि इनॅमल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हा रंग सुकताना उष्णता सोडतो आणि चिंध्यांच्या ढिगात ती साठत जाऊन आपोआप पेट घेऊ शकते. मग बाहेर ४५ अंश असताना काय होईल ते बघा. पाण्याच्या डब्यात बुडवा.

गन जुळवायला दोन मिनिटं लागतात. सुईचा मागचा स्क्रू पूर्ण बंद करा, मग अडीच ते तीन फेरे उघडा. फवाऱ्याची रुंदी ठरवणारा स्क्रू पूर्ण उघडा. मग खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवून वीतभर अंतरावरून एक क्षण ट्रिगर दाबून सोडा. पुठ्ठ्यावर उभा, दोन्ही टोकांना निमुळता, सगळीकडे सारखा ओला ठसा आला पाहिजे. मी ट्रॉलीला हात लावायच्या आधी हे करतोच, कितीही घाई असू दे, कारण गनमध्ये काय चाललंय ते हा ठसा न उघडता सांगतो.

ठसा मध्ये जाड आणि कडेला काहीच नाही, तर रंग घट्ट किंवा हवा कमी. मध्ये पोकळ आणि दोन टोकांना जाड, म्हणजे हवा जास्त किंवा रंग फार पातळ. दाब थोडा कमी करा. ठसा केळासारखा वाकलेला असेल तर एअर कॅपच्या दोन शिंगांपैकी एकाचं भोक बुजलंय. एकाच टोकाला जाड असेल तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. जाडी दुसऱ्या टोकाला गेली तर घाण कॅपमध्ये, तिथेच राहिली तर नोझलमध्ये. आता थुंकणं. हवा पुरेशी आणि कोरडी असूनही गन थुंकत असेल तर कपातून रंग नीट उतरत नाही किंवा कुठून तरी हवा रंगात शिरते आहे. कपाच्या झाकणावरचं बारीक छिद्र बुजलंय का बघा, बहुतेक वेळा तेच असतं. कपात बुडबुडे येत असतील तर नोझल सैल आहे किंवा तिची बसायची जागा खराब झाली. सुईभोवतीचं पॅकिंग सुकलेलं असलं तर त्यावर थोडं व्हॅसलीन आणि नटाला पाव फेरा. जास्त आवळलं की सुई परत येत नाही आणि गन गळते.

मारताना गन पत्र्याला काटकोनात ठेवा, १५ ते २० सेंटिमीटरवर, आणि हात खांद्यातून सरकवा. झाडू मारल्यासारखी मनगटातून फिरवली की मध्ये ओघळ येतो आणि दोन्ही कडांना कोरडी भुकटी बसते. पत्रा सुरू व्हायच्या जरा आधी हात चालू झाला पाहिजे, कडेवर ट्रिगर दाबायचा, पलीकडची कड ओलांडल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवा. ट्रॉलीचे आतले कोपरे आणि चॅनेलच्या पोटातल्या जागा आधी उरकून घ्या, मोठे पत्रे शेवटी. पहिला हात हलका, झिरझिरीत. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका ओढला की मग भरून दुसरा. इनॅमलचा एकच जाड हात मारून मोकळं व्हायची घाई केली की वर साय धरते आणि आत महिनाभर कच्चं राहतं.

गेट आणि जाळीच्या कामाला मात्र १.४ ची गन वापरूच नका. बारीक नळ्यांवर मारताना अर्ध्याहून जास्त रंग हवेत जातो. ०.८ किंवा १.० ची मिनी गन घ्या. ती ३-४ घनफुटांत चालते, म्हणजे तुमच्या आत्ताच्या कॉम्प्रेसरला झेपते, आणि डवरे-वखरांनाही पुरते.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. एक, ट्रॉलीतून खत वाहिलेलं असतं. युरिया-डीएपीचं मीठ पत्र्याच्या सांध्यात बसतं आणि नुसतं घासून, थिनरने पुसून जात नाही. वर कितीही चांगला रंग मारा, पहिल्या पावसात ते मीठ रंगाखाली पाणी ओढतं आणि फोड येतात. म्हणून आधी साध्या पाण्याने दाबून धुवा, सांधे ब्रशने घासा, वाळवा, मग तेल-ग्रीस पुसा, मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड प्रायमर. ग्रीस पुसताना दोन फडकी ठेवा, एक ओलं आणि लगेच मागून एक कोरडं. एकाच फडक्याने ग्रीस नुसतं पसरतं.

दुसरी गोष्ट हवामानाची. उन्हाळ्यात वावरात उभी असलेली ट्रॉली दुपारी हात लावता येत नाही इतकी तापते. अशा पत्र्यावर रंग पोचायच्या आत सुकतो आणि दाणेदार बसतो. तुमची संत्र्याची साल उन्हाळ्यातली असेल तर कारण हेच. ट्रॉली आदल्या सांजेला सावलीत घ्या आणि पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंत काम आटपा. रंगाच्या खोलीत कूलर लावू नका. तो ओलावा आणि धूळ दोन्ही आत ओढतो. जमिनीवर पाण्याचा सडा टाका, धूळ बसते, तेवढं बास. दसऱ्यानंतर कापूस निघाला की हवेत रुईचे तंतू उडतात आणि ओल्या इनॅमलला चिकटतात. जिनिंगच्या वाऱ्याखाली दुकान असेल तर त्या दिवसांत दार-खिडक्यांना ओलं गोणपाट लावा.

तान्ह्या पोळ्याच्या बैलांचं लॅकर पांढरं पडतं त्याचं कारण हवेतलं पाणी. श्रावणात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशाच्या आसपासच्या वस्तूवर दव जमतं. म्हणजे फक्त चार अंशांचा फरक. एनसी थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतं, तो चार अंशांहून जास्त थंड होतो आणि ओल्या लॅकरवर पाणी बसतं. जास्त थिनर ओतलं की आणखी पांढरं होतं. सावकाश उडणारं थिनर, म्हणजे रिटार्डर, थोडं मिसळा, दुपारी बारा ते तीनमध्ये मारा, पातळ हात द्या. हलकं पांढरं आलेलं असेल तर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा पातळ फवारा मारला की बऱ्याचदा उतरतं. लोखंडालाही हाच न्याय आहे: पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवा. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या ट्रॉलीला पावसाळ्यात सकाळी गन लावू नका.

बैलांच्या बाबतीत अजून एक सांगतो, आणि हे मनापासून सांगतो. ट्रॉलीचा उरलेला लाल-पिवळा रंग त्या बैलांना मारू नका. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. वर्धा-नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं ते बैल दिवसभर ओढतात, तोंडातही घालतात. शिसं नसलेला रंग असं डब्यावर छापलेलं बघूनच घ्या.

तसंच तुमच्या स्वतःच्या छातीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तोंडाला दुपट्टा बांधला की झालं, ही समजूत तेव्हाही होती आणि रंगाच्या दुकानांत अजून आहे. दुपट्टा थेंब अडवतो, वाफ नाही. इनॅमल आणि एनसीला कोळशाच्या डबीचा, समोर धूळगाळणी असलेला मास्क लावा आणि वास आत यायला लागला की डबी बदला. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास जवळजवळ येत नाही, म्हणून डबी कधी संपली ते कळत नाही, आणि एकदा दमा लागला की मग थोडासा रंगही सहन होत नाही. पीयूला बाहेरून ताजी हवा देणारा मास्कच पाहिजे. ती सोय नसेल तर पीयूची कामं घेऊ नका. चांगला इनॅमल ट्रॉलीला पुरतो.

काम संपल्या संपल्या गन धुवा, चहाच्याही आधी. उरलेला रंग काढा, थोडं थिनर कपात घालून हलवा, मारा, पुन्हा स्वच्छ थिनर. मग कॅप काढा, सुई मागून ओढून काढा, त्यानंतरच नोझल खोला. जोडताना उलटं, आधी नोझल मग सुई. सुई आत असताना नोझल फिरवली की दोघांच्या टोकांवर ओरखडे पडतात आणि गन कायमची गळायला लागते. कॅपच्या भोकांत तार किंवा टाचणी घालू नका, दात कोरायची लाकडी काडी आणि मऊ ब्रश पुरे. रात्रभर अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवणारे खूप आहेत. त्याने आतली पॅकिंग फुगतात आणि हवेच्या वाटेत घाण शिरते. जोडताना सुईला आणि ट्रिगरच्या खिळीला व्हॅसलीनचं बोट लावा. सिलिकॉनचा स्प्रे नको, डोळे पडतात. धुतलेलं थिनर नालीत किंवा विहिरीकडे ओतू नका. डब्यात झाकून ठेवा, रंग खाली बसतो आणि वरचं निवळ पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं.

पैसे कशावर घालायचे ते सांगतो. आधी ८ मिलिमीटरची नळी, फिल्टर-रेग्युलेटर, गनजवळचा गेज, फोर्ड कप आणि मास्क. मग मिनी गन. ट्रॉल्यांची कामं नियमित यायला लागली की तीन एचपीचा मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर, पण त्याआधी तुमच्या लाइनवर व्होल्टेज किती मिळतं ते इलेक्ट्रिशियनकडून दुपारी मोजून घ्या, सकाळी नाही. तोवर आत्ताच्या कॉम्प्रेसरवर दोन पट्टे मारा, टाकी भरू द्या, पुन्हा दोन पट्टे. ट्रॉलीला वेळ लागेल. तुमच्या १.४ गनची सुई, नोझल आणि कॅप झिजल्या तर तिन्ही एकाच संचातल्या घ्या. एक नवी आणि दोन जुन्या लावल्या की ठसा कधीच सरळ येत नाही.